खर्चाचा रकाना

धुळे, ता. ९ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. कमल,

आशीर्वाद लिहिला तर तू चिडशील, आणि तो न लिहिता पुढे जायला हात तयार नाही. तेव्हा आशीर्वाद.

जावईबापू मागच्या आठवड्यात बाजारात भेटले. म्हणाले, तुमची पत्रं ती घेते आणि फडताळात ठेवते. वाचते की नाही ते त्यांना माहीत नाही. मला तेवढं पुरे आहे.

जूनमध्ये मी पेन्शनीत निघालो. बांधकाम खात्यातल्या लोकांनी हार घातला, एक छत्री दिली. चार महिने घरी बसून होतो. मग दसऱ्यानंतर बन्सीलाल सेठचा माणूस बोलवायला आला. सरकी काढायच्या दोन जिनांचे मालक, तेच. माझी त्यांची ओळख नव्हती. तीस वर्षं नोकरी केलेल्या ओव्हरसियरला सेठ लोक बोलावतात तेव्हा त्यांना काय हवं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी मनाशी नकार तयार करूनच गेलो.

सेठ म्हणाले, "अभिमनजी, नरडाण्याच्या आसपासची बारा गावं घ्या. त्यांना काय काय पाहिजे ते विचारा. रस्ता, विहीर, दवाखाना, शाळा, जे असेल ते. एस्टिमेट करा. फक्त खर्चाचा रकाना सोडून द्या."

"सोडून द्या म्हणजे? नंतर भरायचा?"

"नंतरही नाही. पैसा हा प्रश्नच नाही असं समजा."

मी सवयीने छापील फॉर्म बरोबर नेला होता. त्यांनी तो घेतला, कात्री मागवली, उजवीकडचा शेवटचा रकाना सरळ कापला आणि केराच्या टोपलीत टाकला. उरलेला कागद माझ्यापुढे ठेवला. कमल, मी आयुष्यभर तो कागद उजवीकडून वाचत आलो. आधी शेवटचा आकडा, मग काम. रकाना नसलेला कागद हातात धरला तेव्हा मला तो उलटा धरल्यासारखा वाटला.

कोणी कोणाला असं देत नाही. मी हो म्हटलं ते बारा गावांच्या भल्यासाठी नव्हे. यात काय आहे ते मला शोधून काढायचं होतं.

तुझं गाव त्या बारांत आहे. म्हणून हे पत्र. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तू अडली होतीस, नाल्याला पूर होता, गाडी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत काठावर उभी राहिली आणि मूल गेलं. मी दुसऱ्या दिवशी आलो. तुला म्हटलं, "पोरी, पुलाचं एस्टिमेट मीच केलं होतं. खात्याकडे पैसा नव्हता गं. असता तर मीच बांधला असता." त्या वाक्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. मी असं काय वाईट बोललो ते मला अजून उमगलेलं नाही.

तुझे आबा


नरडाणे, ता. १४ डिसेंबर १९३६

चि. सौ. कमल,

सेठनी जिनाच्या आवारात एक खोली दिली आहे. कपाशीच्या गाड्या पहाटेपासून रांगेत लागतात, कपड्यांवर, चहावर, सगळीकडे रुई. मोजणीची साखळी धरायला आमश्या नावाचा भिल्ल गडी दिला आहे. शिरपूरच्या पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. बोलतो कमी, बघतो फार.

नऊ गावं झाली. प्रत्येक चावडीत मी एकच प्रश्न विचारतो: पैशाची काळजी नसती तर काय मागाल? आधी कोणीतरी हसतं. मग एकदम कोणी जत्रेला हत्ती मागतो, कोणी गावाभोवती तट. तासाभराने लोक शहाणे होतात आणि शहाणे झाले की कमी मागतात. हे मी दरवेळी पाहिलं. "नाना, येवढं नको, नही मंजूर व्हनार," असं म्हणून आपल्याच मागणीतून अर्धं काढून टाकतात. मंजूर करणारं तिथे कोणीच नसतं, तरी.

तुझ्या गावीही येऊन गेलो. तुझं दार लावलेलं होतं. मी ठोठावलं नाही.

तुमची म्हातारी भिकुबाई चावडीच्या पायरीशी उभी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, "नाना, विहीरना काठे बठाले दगडी ओटा करी द्या. गावमा पारवर माणसं बठतस, चावडीमा माणसं बठतस. बाई मानूसले बठाले जागाच नही शे." बाकीचे हसले. मी लिहून घेतलं. तीस वर्षांत असं काम मी कधी कागदावर घेतलं नव्हतं.

परतताना आमश्याला सहज म्हटलं, तूही माग काहीतरी. त्याने साखळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "साहेब, मव्हडाना फुलं येचाले जंगलमा जाऊ द्या. शिपाई मारस. त्याले कितला पैसा लागी?"

मोहाची फुलं वेचायची मोकळीक कुठल्या रकान्यात लिहायची ते मला सुचलं नाही. मी लिहिलं नाही.

तुमच्या जीवराम पाटलांनी बंदुकीचा परवाना मागितला. सगळे गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाना, तुम्ही आपला मानूस. खरं सांगा. फुकट कोन देस? काही तरी शे यान्हामा." मी म्हटलं, मीही तेच शोधतोय.

गावाने एकमुखाने पहिली मागणी पुलाची केली. ते तुला कळलंच असेल.

तुझे आबा


नरडाणे, ता. २२ जानेवारी १९३७

चि. सौ. कमल,

मी सेठचा माग काढला. आधी वाटलं, निवडणूक. पुढच्या महिन्यात मतदान आहे, गावोगावी मोटारी फिरताहेत. पण सेठ उभे नाहीत आणि कोणाच्या व्यासपीठावरही गेले नाहीत. मग वाटलं, रावसाहेब की रावबहादूर व्हायचं असेल. धुळ्याला जाऊन जुन्या ओळखीच्या कारकुनाला विचारलं. सेठने साहेबांना नाताळची फळांची डालीसुद्धा पाठवली नाही म्हणाला. मग वाटलं, जमिनी. पूल झाला, रस्ता झाला की भाव चढतात. तलाठ्याकडे दोन दिवस बसून बारा गावांची दप्तरं पाहिली. सेठच्या नावावर एक गुंठा चढलेला नाही. नावं बदलून घेतली असतील म्हणून भाच्या-पुतण्यांचीही पाहिली. तिथेही नाही.

काही सापडलं असतं तर मी निवांत झोपलो असतो.

शेवटी तोंडावरच विचारलं. "सेठजी, यात तुम्हाला काय मिळणार?"

ते हिशेबनिसाला बाहेर जा म्हणाले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं ज्याने त्याने मला एकच सांगितलं. पैसा असता तर हे केलं असतं, पैसा असता तर ते केलं असतं. पाटलाने सांगितलं, मास्तरने सांगितलं, मामलेदाराने सांगितलं. आता मी पैसा ठेवतो पुढे. मला बघायचंय, हे सगळे खरं बोलत होते की खोटं."

"एवढ्यासाठी?"

"दुसरं काही सापडलं तर मलाही सांगा."

असा माणूस मला आवडला नाही. देवळं बांधणारा सेठ मला समजतो. लोकांची परीक्षा बघायला पूल बांधणारा समजत नाही.

त्यांनी यादीतून पहिलं काम तुमचा पूल निवडला. सोमवारी मी आणि आमश्याने नाल्यावर खुंट्या ठोकल्या. बुधवारी गेलो तर एकही खुंटी जाग्यावर नव्हती, उपटून नाल्यात फेकलेल्या. गावात कुजबुज आहे की पुलाआधी घरटी एकाचा आंगठा घेणार आणि आंगठ्यापाठोपाठ जमीन जिनात जाणार. जीवराम पाटील चावडीतून बाहेर आले नाहीत. पोरांनी आमश्याच्या अंगावर ढेकळं फेकली. त्याच्या कपाळाला लागलं, फार नाही.

असली आवई कोण उठवतं कुणास ठाऊक. लोक असेच असतात. सेठना मी म्हटलं, हे गाव सोडा, दुसरं घ्या.

तुझे आबा


धुळे, ता. १२ मार्च १९३७

कमल,

हे पत्र मी जावईबापूंच्या हातात देतो आहे आणि त्यांना सांगणार आहे की तू वाचलं नाहीस तर त्यांनी तुला वाचून दाखवावं. सोमवारी मी तुमच्या चावडीत येणार आहे. तिथे जे बोलेन ते दार लावून बसलीस तरी तुला ऐकू येईल. म्हणून आधी तुला.

ती आवई मी उठवली. मागच्या पत्रात खोटं लिहिलं. खुंट्या ठोकल्या त्याच संध्याकाळी मी जीवराम पाटलांकडे गेलो आणि म्हटलं, "पाटील, नक्की माहीत नाही, पण आंगठ्याचं काहीतरी ऐकतोय. सांभाळून असा." एवढंच. पुढचं गावाने केलं. आमश्याच्या कपाळावरचं ढेकूळ माझं आहे.

मी ते सेठच्या संशयाने केलं असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं, निदान मी स्वतःला तसं सांगत होतो. खरं कारण वेगळं. पुलाचं काम निघालं की जुनं एस्टिमेट निघणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ते निघालं. खुंट्यांचं कळल्यावर सेठनी कुठून तरी जुनी नक्कल मिळवली, आणि मला न सांगता एक दिवस आमश्याला घेऊन तुमच्या गावी चालत जाऊन आले. परत आल्यावर मला बोलावलं. कागद माझ्यापुढे ठेवला. खाली माझी सही.

"यात लिहिलंय, डबर चार मैलांवरून आणावा लागेल."

"हो."

"आमश्याने मला दगडाची खाण दाखवली. गावाच्या मागेच आहे. ती म्हातारी भिकुबाई म्हणाली, आजेसासऱ्याच्या वेळेपासून आहे. हे चार मैल तुम्ही मोजले?"

मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, चुकून पडलं असेल. त्यांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "चहा घेणार?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती खाण तुला माहीत आहे. तुझ्या परसातून दिसते. लग्नाच्या पहिल्या वर्षी तू मला तिथे उभी राहून म्हणाली होतीस की संध्याकाळी दगड लाल दिसतात. मीही ती पाहिलेली होती आणि चार मैल लिहिले.

एकतीस साली त्या पुलाला पैसा होता, कमल. बाजूला काढून ठेवलेला होता. पण दुसऱ्याच एका वजनदार गृहस्थाच्या जिनाचा रस्ता पावसाळ्यात चिखलात जायचा आणि त्यांना तो पैसा तिकडे हवा होता. वरून मला तोंडी सांगण्यात आलं की पुलाचं एस्टिमेट जरा फुगू द्या, म्हणजे ते आपोआप मागे पडेल. नाही म्हटलं असतं तर माझी बदली तळोद्याकडे होणार होती. तुझ्या आईचा दमा तेव्हा वाढला होता. तिकडच्या हवेत ती टिकली नसती असं मला वाटलं. ती धुळ्यातही टिकली नाही, वर्षात गेली. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं तेवढं सांगतो.

तू तेव्हा त्या गावची सून होतीस. मी पावसाळ्याचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता. वाटलं, नाल्याला पाणी दोनच महिने असतं.

मग मी शेऱ्यात लिहिलं, "लोकवस्तीच्या मानाने खर्च अवाजवी. सध्या परवडण्यासारखा नाही." तीस वर्षांत हे वाक्य मी किती कागदांवर लिहिलं ते मोजता येणार नाही. काही ठिकाणी ते खरं होतं. त्या खऱ्यांच्या आड बाकीचे लपवणं सोपं होतं. पैसा नाही म्हटलं की माणूस भांडत नाही, कपाळाला हात लावून घरी जातो. सेठने तो रकाना कापला तेव्हा मला खरी भीती तीच वाटली. आता नाही म्हणायला काय सांगायचं?

आणि तुलाही मी तेच सांगितलं. त्या दिवशी, तुझ्या उशाशी बसून. तुला तेव्हाच ते खोटं वाटलं असेल. मी काय वाईट बोललो ते उमगलं नाही असं मी लिहिलं, तेही खोटं. मला माहीत होतं.

सेठ तो कागद कोणाला दाखवतील ते मी सांगू शकत नाही. तू म्हणशील, दुसऱ्याने सांगण्याआधी आबा स्वतः सांगायला निघाले. तसंही असेल. माझ्याबद्दल कोणताही संशय घेतलास तर मी तो चुकीचा म्हणणार नाही.

अभिमन


धुळे, ता. १८ एप्रिल १९३७

कमल,

चावडीत तू होतीस. जे झालं ते तुला मी काय सांगायचं? तरी मला कुठून कसं दिसलं ते लिहितो.

मी उभं राहून बोललो. आधी आंगठ्याचं, मग दगडांचं, मग पैसा होता ते. वाटलं होतं लोक अंगावर येतील. कोणी हललं नाही. आमश्या दाराबाहेर बसला होता, त्याने मान वर केली नाही. जीवराम पाटलांनी पानाचा डबा उघडला, बंद केला आणि म्हणाले, "तवय खोटं बोलनात. दोन महिना पयले खोटं बोलनात. आते तरी खरं बोली राहिनात, हाई कशावरतीन?"



मग बायकांमधून तू पुढे आलीस. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता, तोंड नीट दिसलं नाही. तुला धुळ्याच्या शाळेत मी घातलं, घरात तू माझ्याशी कधी अहिराणी बोलली नाहीस. त्या दिवशी बोललीस.

"साहेब, तवय पैसा व्हता?"

मी म्हटलं, होता.

"पूल व्हयना असता?"

"झाला असता."

"त्या पावसायाना पयले?"

"त्याच्या आदल्या पावसाळ्याआधी."

पाटलांनी खाली बघत विचारलं, "कमल, तू सांग. काय करानं?" सगळं गाव तुझ्याकडे बघत होतं, आणि मला एकदम वाटलं की तू नको म्हणशील. तुला तो अधिकार होता.

तू म्हणालीस, "पूल व्हऊ द्या. पन या मानूसले आते गावमा येऊ दिऊ नका."

मी लगेच निघालो. शिवेपर्यंत आमश्या मागून आला, माझी छत्री चावडीत राहिली होती ती दिली आणि परत फिरला. नरडाण्याला सर्व्हिस मोटार मिळाली. सेठना मी काम सोडल्याची चिठ्ठी पाठवली. त्यांचं उत्तर आलं नाही. त्या माणसाच्या मनात काय होतं ते मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही गावकऱ्यांनी आंगठा कुठेही देऊ नका, हे मी अजूनही सांगेन.

आता हे पत्र का, ते लिहितो. तुम्ही पाळी लावून दगड मोजता, गाडी मोजता, सेठनी नेमलेल्या अमळनेरच्या मिस्त्रीच्या डोक्यावर दोन माणसं बसवता, हे मला आमश्याकडून कळलं. परवा तो बाजारात भेटला. त्याने सांगितलं, डाव्या काठाचा पाया खणताना दोन हातांवर पिवळा मुरूम लागला, मिस्त्री खूश झाला आणि उद्या-परवा चुना-दगड भरायला घेणार आहे.

तो मुरूम फसवा आहे. थर हातभराचा. त्याखाली पुन्हा काळी माती आहे, पुरुषभर खोल, आणि त्याच्या तळाला खडक; पाया तिथवर न्यायला हवा. एकतीस साली मी तिथे खड्डा घेऊन पाहिलं होतं. पण तेव्हा पूल व्हायचाच नाही हे मला माहीत असल्याने मी ते कागदावर लिहिलं नाही. जुन्या एस्टिमेटात खाली मुरूम असंच आहे, आणि मिस्त्रीच्या हातात तीच नक्कल असणार. मुरमावर पाया थांबवला तर पहिली दोन वर्षं काही होणार नाही. तिसऱ्या-चौथ्या पुरात डावी भिंत बसेल. तेव्हा पुलावर कोण असेल ते सांगता येत नाही.

हे मी सांगितलं असं कोणाला सांगू नकोस. माझं नाव निघालं तर पाटील मुद्दाम मुरमावरच भरायला लावतील. आणि तूही माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मिस्त्रीने चुना कालवायच्या आत कोणालाही पहार घेऊन खड्ड्यात उतरव, जावईबापूंना नाहीतर आमश्याला. काठाकडच्या कोपऱ्यात मारायला सांग. पहार हातभर आवाज करत जाईल. मग एकदम मऊ लागेल. तू वर उभी राहा आणि बघ.